२१ मायक्रॉनची दख्खनी मेंढी

बसा. मोबाईल पिशवीत टाका आणि पिशव्या खिडकीपाशी ठेवा. आज प्रोजेक्टर लागणार नाही, तास होणार नाही. तुमची प्रॅक्टिकलची जर्नल्स मी तपासली आहेत आणि एकावरही सही केलेली नाही. का, ते ऐका.

लोकर परीक्षणाच्या प्रयोगात तंतूची सरासरी जाडी मोजून लिहायची होती. पहिल्या वहीत २१.३ मायक्रॉन. दुसऱ्या वहीत २१.३. पुढे कुणीतरी डोकं चालवलं आणि २१.५ केलं. एका विदुषीने २०.९ लिहून खाली ‘प्रायोगिक त्रुटीमुळे फरक’ अशी टीपही दिली आहे. अख्ख्या वर्गाचा आकडा २० आणि २२ च्या मधला! आता मला सांगा, आपल्या फार्मवर कुठल्या मेंढ्या आहेत? मोठ्याने. दख्खनी. काळ्या, करड्या, जाड्याभरड्या लोकरीच्या दख्खनी. २१ मायक्रॉन ही मेरिनोची लोकर झाली, जिचं सुटाचं कापड विणतात. दख्खनीचा तंतू ४० मायक्रॉनच्या आसपास असतो, कधी त्याच्याही बराच पुढे जातो. म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. आपल्या काळ्या मेंढीच्या अंगावर खरंच २१ मायक्रॉनची लोकर उगवत असेल, तर मी वर्ग सोडून आत्ता तिच्या गळ्यात हार घालायला जाते. पुस्तकातल्या तक्त्यात मेरिनोची ओळ वर असते आणि दख्खनीची बरीच खाली. तिथपर्यंत नजर न्यायचाही तुम्हाला कंटाळा आला. उतरवून काढायलासुद्धा वाचावं लागतं, एवढं तरी शाळेत शिकला असाल.

चुकीची ओळ उचलली, इथवर असतं तर मी चार शब्द बोलून सोडलं असतं. पण सरासरीच्या शेजारी प्रमाण विचलन लिहिलं आहे १.२, ते कुठून आलं? ते तर पुस्तकातही नाही. मेरिनोत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लोकर एकसारखी केली, तरी २१ मायक्रॉनच्या लोकरीत तंतूतंतूंमधलं विचलन चारच्या घरात असतं. १.२ विचलनाचा धागा मेंढीच्या अंगावर येत नाही, कारखान्यातून निघतो. आणि दख्खनीच्या एका चिमटीभर लोकरीत बारीक, मध्यम, जाड असे तंतू शेजारीशेजारी उभे असतात. तिचं विचलन मोठं येणारच, ते मोठं येतं हीच तर त्या प्रयोगातून शिकायची गोष्ट होती. आकडा नीटनेटका दिसावा म्हणून तुम्ही तो लहान केलात. तुम्हाला वाटलं, मॅडम खूश होतील.

काय करायचं होतं, ते पुन्हा सांगते. मागच्या वेळी मी सांगत होते तेव्हा शेवटच्या दोन रांगांत डब्यांची देवाणघेवाण चालली होती. मेंढी धरायची. तुम्ही धरायची, फार्मवरच्या मामांनी नाही. खांदा, बरगडीचा मधला भाग आणि मांडी, अशा तीन जागांवरून कातडीलगत कातरून नमुना घ्यायचा. तीन जागा कशाला? लोकर अंगभर सारखी नसते म्हणून. खांद्यावर बारीक असते, मांडीकडे जाडी वाढत जाते. नुसता मांडीचा नमुना घेतलात तर मेंढी बदनाम होते, नुसता खांद्याचा घेतलात तर ती नाही तेवढी चांगली ठरते. मग नमुना धुऊन तेलकटपणा घालवायचा, वाळवायचा, बारीक तुकडे करून काचपट्टीवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू मोजायचा. शेकड्यांनी मोजायचे असतात. मान दुखते, डोळ्याला पाणी येतं. येऊ दे.

त्या कंटाळवाण्या तासाभरात काय दिसलं असतं ते सांगते. काही तंतू स्वच्छ, आरपार उजेड जाणारे. काहींच्या मधोमध काळपट रेघ. ती रेघ म्हणजे मज्जा. आत हवा असते म्हणून ती खालून उजेड दिल्यावर काळी दिसते. काही तंतूंत ती रेघ सुरू होते, तुटते, पुन्हा सुरू होते. तो तंतू कुठे केसासारखा वागतो, कुठे लोकरीसारखा. आणि मधूनच आखूड, ठिसूळ, खडूसारखा एखादा केंप, जो रंग धरत नाही आणि कापडातून टोचत राहतो. एका मेंढीच्या बोटभर जागेतून हे सगळं निघतं. तुमच्यापैकी एकाच्याही वहीत मज्जेचा उल्लेख नाही. केंपचा नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शकाचं झाकणही कुणी उघडलं नव्हतं, यासाठी मला वेगळा पुरावा लागत नाही.

हे तंतू असे वेगवेगळे का, हे तुम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवलं आहे. कातडीत दोन तऱ्हेच्या पुटिका असतात. प्राथमिक पुटिकेला घामाची ग्रंथी, तेलाची ग्रंथी आणि केस उभा करणारा स्नायू असतो. दुय्यम पुटिकेला फार तर तेलाची ग्रंथी. बारीक लोकर येते ती मुख्यतः दुय्यम पुटिकांतून. मेरिनोत एका प्राथमिक पुटिकेमागे वीसेक दुय्यम असतात, जाड्या लोकरीच्या जातींत दोन-चार. आणि या पुटिका घडतात कधी? आईच्या पोटात. प्राथमिक आधी, दुय्यम मागून. दुय्यमांचं काम गाभणकाळाच्या उत्तरार्धात आणि जन्मानंतरही चालतं. गाभण मेंढीला शेवटचे सहा आठवडे पोटभर मिळालं नाही, तर त्या कोकराच्या दुय्यम पुटिका कमी राहतात आणि पुढे त्याला कितीही खाऊ घातलं तरी ती तूट भरून निघत नाही. त्याच्या जन्मभराच्या लोकरीचा हिशेब तिथे झालेला असतो. गाभण मेंढीच्या खुराकाचा प्रश्न परीक्षेत आला की तुम्ही पाच ओळी लिहिता आणि लोकरीचा प्रश्न आला की दुसऱ्या पाच. दोन्ही प्रश्न एकाच मेंढीचे आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण मेंढी समोर नसते.

“वास येतो मॅडम.” हो, येतो. घामाचे क्षार, लोकरीचं तेल, धूळ, लेंड्या, सगळ्यांचा मिळून येतो. त्याच तेलातून लॅनोलिन काढतात, आणि थंडीत फुटलेल्या ओठांना तुम्ही जे काही फासता त्यात कित्येकदा ते असतं. तेव्हा वास येत नाही. पशुवैद्यक व्हायला आलात ना? मग नाकाला रुमाल लावून मेंढीपासून चार हात लांब उभं राहायची सोय या अभ्यासक्रमात नाही. साडेपाच वर्षांत ती कुठेच नाही.

आता आकड्याबद्दल. तुमच्यातल्या एकाने परवा मला केबिनमध्ये ऐकवलं, “मॅडम, शेवटी प्रॅक्टिकलचेच तर मार्क आहेत, कुणाचं काय नुकसान झालं?” बरं झालं विचारलंस. ऑस्ट्रेलियात लोकरीची गाठ विकायला येते तेव्हा घेणारा हात घालून बघत बसत नाही. गाठीतून नमुना काढतात, तो तपासणी संस्थेकडे जातो, आणि तंतूची जाडी, धुतल्यावर उरणारं वजन, पुंजक्याची लांबी, ताकद हे कागदावर येतं. हे काम करणारी लोकर तपासणी संस्था तिथे १९५७ पासून आहे. त्या कागदावर बोली लागते. मायक्रॉनभर इकडचं तिकडे झालं तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या पैशांत फरक पडतो. मोजणाऱ्याने खुर्चीत बसून आकडा टाकला तर ते खोटं वजन झालं, किराणा दुकानातल्या खोट्या मापासारखं. तुम्ही उद्या कुणाच्या तरी कळपाचा अहवाल लिहाल. अमुक मेंढा पैदाशीला ठेवा, अमुक काढून टाका. तो माणूस तुमच्या सहीवर विश्वास ठेवून चांगला मेंढा खाटकाला देईल. हे नुकसान. आणि ज्याचं होईल त्याला ते कधी कळणारही नाही, तुम्हालाही नाही.

दुसरं तुमचं ठेवणीतलं वाक्य: “लोकरीला भावच नाही, मग शिकायचं कशाला?”

भाव नाही, हे खरं आहे. दख्खनी लोकरीला आज असा भाव आहे की कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही. मेंढपाळ मेंढी कातरून घेतात ती तिला उन्हाळ्यात आणि पावसात हलकं वाटावं, अंगात गोचीड आणि चिखल साठू नये म्हणून. लोकर कित्येकदा बांधावर पडून राहते. देशाचे आकडे बघा. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाखांवर मेंढ्या मोजल्या गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा १४ टक्क्यांनी जास्त. आणि लोकर? २०१४-१५ साली ४ कोटी ८१ लाख किलो होती, ती २०२२-२३ मध्ये ३ कोटी ३६ लाख किलोवर आली. मेंढ्या वाढल्या, लोकर घटली. हे वाचून विद्यापीठातल्या मुलाच्या मनात पहिला प्रश्न काय यायला हवा? “का?” तुमच्या मनात आला तो “कशाला?”

का, याचं उत्तर मटणाच्या भावात आहे. मेंढपाळ आता कोकराचं वजन बघतो, अंगावरची लोकर बघत नाही. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी बघा, उंच, नाकाचा बाक असलेली, अंगावर लोकर जेमतेम, आणि मेंढ्यांना भाव असा की ऐकून तुम्ही शिक्षण सोडाल. तसे मेंढे आणून दख्खनी कळपात सोडले जातात आणि दर पिढीला लोकर कमी होत जाते. हे चूक की बरोबर, यावर मी तुम्हाला मत देणार नाही. ज्याचं पोट त्यावर आहे तो हिशेब करूनच हे करतो. पण लोकरीबरोबर आणखी काय जातं? पावसात तग धरणं जातं का? रोज मैलोन् मैल चालायची ताकद कमी होते का? थंडीत कोकरं जास्त दगावतात का? हे कुणी मोजायचं? विद्यापीठाने. विद्यापीठ म्हणजे कोण? ही इमारत नव्हे. वह्यांत २१.३ लिहिणारे तुम्ही.

जाडी लोकर म्हणजे टाकाऊ, हाही तुमचा समज पुस्तकातल्या सुटाच्या चित्रांवरून झालेला. सणगर त्याच लोकरीचं सूत काढून, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणत आले. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शोषताना थोडी ऊबही सोडते. आषाढात माळावर घोंगडीची खोळ घेऊन उभा असलेला माणूस थंडीने मरत नाही तो यामुळे. हे काम २१ मायक्रॉनच्या मऊ लोकरीचं नाही. तिला माळावर नेलंत तर आठवड्यात बोरीबाभळी तिचे धागे करून टाकतील. गालिच्याला, नमद्याला, छताखालच्या ऊबदार थरांना जाडी, ताठ लोकरच लागते. आता तिला गिऱ्हाईक कसं मिळवायचं, हा स्वतंत्र आणि अवघड प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माझ्या खिशात नाही. पण ज्या मालाचा गुण-दोष नीट मोजून कागदावर नाही, त्याला गिऱ्हाईक शोधणार तरी कुठल्या तोंडाने?

‘सुधारणा’ हा शब्दही तुम्ही फार सैल वापरता. प्रत्येक वहीच्या शेवटी एकच शिफारस आहे: विदेशी मेंढ्यांशी संकर करावा. अरे, हे करून झालंय! स्वातंत्र्यानंतर देशभर बारीक लोकरीचा ध्यास होता. राजस्थानात टोंक जिल्ह्यात अविकानगरला १९६२ साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. चोकला आणि नाली या तिकडच्या मेंढ्यांवर रॅम्बुये आणि मेरिनोचा संकर करून ‘भारत मेरिनो’ तयार केली. लोकर बारीक झाली, शंका नाही. पण ती मेंढी सुखाने नांदली कुठे? कोडाईकनालच्या डोंगरात, मन्नवनूरच्या थंडीत. आपल्या पठारावर, मे महिन्यात, सोलापूर-सांगोल्याच्या उन्हात, कुसळांवर आणि बाभळीच्या शेंगांवर ती जगवायची म्हणजे काय, याचा विचार शिफारस लिहिताना केलात? बारीक, दाट लोकर फुकट येत नाही. लोकर म्हणजे केरॅटिन, केरॅटिनला गंधकाची अमिनो आम्लं लागतात, ती चाऱ्यातूनच यायची. तांबं कमी पडलं तरी लोकरीची लहर जाऊन ती तारेसारखी सरळ होते. जिथे मेंढीला चार महिने काड्याकुड्यांवर काढायचे आहेत, तिथे तिच्या अंगावर मेरिनोचा कोट चढवणं हा उपकार नव्हे.

याच्या उलट काम कसं होतं, ते बघायला तुम्हाला ऑस्ट्रेलियाला जायला नको. फलटणला जा. तिथे निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात दख्खनीवर काम सुरू केलं तेव्हा प्रश्न लोकरीपासून सुरू झाला नाही. मेंढपाळाला काय परवडतं, इथून सुरू झाला. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. दोन दिली तर? सुंदरबनात गारोल नावाची बुटकी मेंढी आहे, मोठ्या बोकडाच्या निम्मीही भरणार नाही, पण ती जुळी, तिळी देते. अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालहून काही मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बुरूला मेरिनोच्या कळपात पुढे तीच जास्त कोकरांची खोड दिसली, आणि इतिहास व जनुक दोन्ही सुंदरबनाकडेच बोट दाखवतात. फेकबी म्हणतात त्या जनुकाला. ते नेमकं कुठे बसलं आहे हे २००१ मध्ये निश्चित झालं. त्यामुळे रक्ताचा थेंब तपासून मेंढीकडे त्याची एक प्रत आहे, दोन आहेत की नाहीच, हे सांगता यायला लागलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यात होती, ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं होती. आणि गारोलचं ते जनुक दख्खनीत आणून, तिचा बुटकेपणा मागे सोडून, ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली.

ही गोष्ट मी जनुकाच्या कौतुकासाठी सांगत नाही. पुढचं ऐका. जुळी झाली म्हणजे काम संपलं का? दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईला आहे का, कोकरांचं जन्मवजन किती घटतं, त्यातली तीन महिन्यांपर्यंत किती जगतात, चालत्या वाड्यावर मेंढका दोन-दोन कोकरं सांभाळणार कसा, हे सगळं मेंढपाळांच्याच कळपांत वर्षानुवर्षं तोलून, कानात बिल्ले अडकवून, वह्यांत नोंदवून ठरलं. जनुकाचा शोध जगभर गाजला. वहीत रोज वजन लिहिणाऱ्याचं नाव कुणी छापलं नाही. त्याने एखाद्या पावसाळी सकाळी कंटाळून दहा वजनं घरी बसून टाकली असती, तर?

आता आपण गेलो होतो त्या, लोणंदच्या वाटेवर उतरलेल्या मेंढपाळांच्या वाड्याबद्दल. मी त्या दिवशी तिथे गप्प राहिले, कारण परक्याच्या दारात आपल्या पोरांना रागवायचं नसतं. आज रागावते. म्हातारा माणूस उठून उभा राहिला, घोंगडी झटकून पसरली, ‘बसा’ म्हणाला. तुमच्यातले दोघेच बसले. बाकीचे उभे, बुटांना काय लागतंय ते बघत. एकाने कोकरू उचलून फोटो काढला आणि भलत्याच मेंढीपाशी ठेवलं. म्हाताऱ्याच्या सुनेने दुरून हाक मारली आणि त्याची आई शोधून दिली. शे-दीडशेच्या कळपात. कानात बिल्ला नाही, अंगावर खूण नाही. कसं ओळखलं, हे तुमच्यापैकी एकानेही तिला विचारलं नाही. उलट एक महाशय म्हाताऱ्यांना समजावत होते, “बाबा, तुम्ही एका जागी राहा ना, शेड बांधा.” बाबा हसले. मला हसू आलं नाही.

दसऱ्यानंतर ही माणसं कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस लागायच्या आधी वर येतात. का? कोकणातल्या पावसात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात, ती टिकत नाही. आणि दिवाळीनंतर इकडे माळावर काडी उरत नाही. तिकडे भात कापून झालेला असतो. शेतकरी रात्री मेंढ्या शेतात बसवून घेतो, लेंडीमुताचं खत मिळतं म्हणून धान्य देतो, पैसे देतो. घोडीवर बिऱ्हाड, वाघर लावून रात्रीचं कुंपण, कुठल्या गावाला कधी पोचायचं याचा पक्का हिशेब. तुमच्या पशुपोषणाच्या पुस्तकात ज्याला चारा नियोजन म्हणतात ते हे, फक्त ते अडीचशे किलोमीटर लांब आहे आणि पायांनी लिहिलेलं आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडले, त्यांची बोली शिकले, त्यांचे देव आणि त्यांच्या वाटा यांच्यावर आयुष्य घातलं. तुम्हाला बोली शिकायची गरज नव्हती. नुसतं घोंगडीवर बसायचं होतं.

मेंढपाळाला सगळं कळतं, असं मात्र मी म्हणत नाही. तसलं भाबडं कौतुकही मला चालत नाही. ते शहरातल्या लोकांनी घोंगडी भिंतीवर टांगून करावं. वाड्यावर चुका होतात आणि मेंढ्या मरतात. जंताचं औषध दुकानातून आणून सगळ्यांना अंदाजाने सारखंच पाजतात. मोठ्या मेंढीला ते कमी पडतं, मरायच्या ऐवजी जंत निगर होतात आणि दोन वर्षांनी ते औषध पाण्यासारखं वाया जातं. आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी टोचायची राहून जाते. कोवळा चारा उगवला की चांगली पोसलेली कोकरं संध्याकाळी धडधाकट असतात आणि सकाळी आडवी. नीलजिव्हा रोग या देशात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ साली, आपल्याच महाराष्ट्रात. तो चिलटांनी पसरतो हे आजही कित्येक वाड्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. तिथे तुम्ही हवे आहात. पण ज्याला घोंगडीवर बसता येत नाही, त्याचा लसीचा सल्ला कोण ऐकेल? पापणी उलटून आतला रंग बघून रक्त कमी झालंय का हे ओळखायची पद्धत दक्षिण आफ्रिकेत तक्त्यावर आणली, तुम्ही ती इंग्रजी नावासकट पाठ केली आहे. त्या दिवशी बाबांनी तुमच्यासमोर तीन मेंढ्यांच्या पापण्या उलटल्या. एकाच्याही डोक्यात दिवा लागला नाही. बाबांच्या हातात तक्ता नव्हता ना.

आणि तू. शेवटच्या बाकावरचा. हो, तूच. खाली बघू नकोस.

या वर्गात मेंढीचा पाय धरून तिला एका हाताने बसवता येणारा तू एकटा आहेस. मी पाहिलंय, फार्मवर कुणी नसताना. दोनदाती कोणती, चारदाती कोणती, जुळलेली कोणती हे तू जबडा न उघडता सांगशील. दख्खनीची लोकर बोटांत घेतल्याबरोबर तुला कळलं असणार की २१.३ ही थाप आहे. तरी तुझ्या वहीत २१.३! बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, तुला ठाऊक होतं. वाड्यावरही तू सगळ्यांच्या मागे, गाडीजवळ उभा राहिलास; कुणी ओळखीचं भेटेल म्हणून की वर्गाला कळेल म्हणून? तुझ्या आज्याने तुला इथे पाठवलं ते या लोकांसारखं नाक मुरडायला शिकून ये म्हणून नव्हे. या विषयात पुढे जाऊन संशोधन करायचा खरा हक्क कुणाचा असेल तर तुझा आहे, आणि तू तो कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याची पाटी लावण्याच्या गप्पांत घालवतो आहेस. लाव पाटी, माझं काही म्हणणं नाही, तोही चांगला धंदा आहे. पण लाज वाटते म्हणून लावू नकोस. तुला मी बाकीच्यांपेक्षा जास्त बोलले; तू जास्त बोलण्याच्या लायकीचा आहेस म्हणून.

बाकीच्यांनी हसू नका. तुमच्यावर तेवढेही शब्द खर्च करावेत असं अजून तुम्ही काही केलेलं नाही.

तर आता काय करायचं ते लिहून घ्या. जुनी पानं फाडायची नाहीत. त्यांच्यावर तिरकी रेघ मारून ‘न मोजता लिहिले’ असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि सही करायची. प्रयोग पुढच्या पानावर नव्याने. प्रत्येकाला एक मेंढी, तिचा बिल्ला क्रमांक वहीत वर. तिन्ही जागांचे नमुने, प्रत्येकी दोनशे तंतू, आणि मोजलेला प्रत्येक आकडा वहीत. नुसती सरासरी चालणार नाही. मज्जा किती टक्के, केंप किती, वेगळं. दोन मेंढ्यांचे आकडे सारखे आले तर दोघांनाही मी माझ्यासमोर बसवून पुन्हा मोजायला लावीन. सूक्ष्मदर्शक कमी आहेत, माहीत आहे. प्रयोगशाळा रात्री नऊपर्यंत उघडी ठेवायला सांगितली आहे. मी तिथे असेन.

रविवारी सकाळी सहाला पुन्हा त्याच वाड्यावर जायचं आहे, पुढच्या मुक्कामाला हलायच्या आत. जंताचं औषध पाजायचं आहे, आणि ते वजनाप्रमाणे, म्हणून तराजू आपण न्यायचा. वजनं तुम्ही घ्यायची, मेंढ्या तुम्ही उचलायच्या. काय विचारायचं याचे प्रत्येकाने पाच प्रश्न काढून आणायचे, आणि त्यात ‘किती कमावता’ हा नसावा. पांढरे बूट घालून येऊ नका. डबा घरून आणा, पण तिथे भाकरी पुढे आली तर नाही म्हणायचं नाही. पुढे कोण चालणार, ते शेवटच्या बाकाला विचारा. कुत्री सुटी असतात, तेव्हा लांबूनच हाक द्यायची, आणि कुणीतरी ‘या’ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.